प्रबंधाची सिद्धता : काही व्यावहारिक विचार
(करमाळा येथे पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



प्रबंध या शब्दाची विद्यार्थ्यांना वाटणारी धास्ती मला परिचित आहे. परीक्षेचा अभ्यास कसा करावा हे आपणांस पहिलीपासून ठाऊक असते. पुस्तक ठरलेले, प्रश्न बहुधा ठरलेले आणि वेळ तीन तासांचा. प्रबंधाच्या बाबतीत यांपैकी काहीच ठरलेले नसते. प्रश्न आपणच शोधावयाचा, उत्तर आपणच मिळवावयाचे आणि ते उत्तर खरे कशावरून, हेही आपणच सिद्ध करावयाचे. एम.ए.च्या वर्गातील संशोधन प्रकल्प असो, चार वर्षांच्या संशोधनासह सन्मान पदवीचा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा प्रबंध असो, आकार लहानमोठा झाला तरी कामाचे स्वरूप हेच राहते.

करमाळ्याच्या विद्यार्थ्याला ही वाट पूर्वी फार लांबची होती. १९४९ पूर्वी त्याला मुंबई विद्यापीठाकडे, नंतर पुणे विद्यापीठाकडे आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूरकडे पाहावे लागे. एका सहीसाठी अथवा शुल्काच्या पावतीसाठी जेऊर स्थानकावर गाडीची वाट पाहण्यात दिवस जात. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. अंतर कमी झाले हे उत्तम झाले. परंतु प्रबंधाची खरी लांबी किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, आणि ती अद्याप होती तेवढीच आहे.

पहिला प्रश्न विषयाचा. विद्यार्थी येतो आणि विषय सांगतो : ‘उजनी धरण : एक अभ्यास’. मी त्याला विचारतो की, अभ्यास कशाचा? धरणाच्या बांधणीचा, पाणीवाटपाचा, मासेमारीचा, उसाचा की उठलेल्या गावांचा? उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. एवढे पाणी एका प्रबंधात मावणार नाही. विषय म्हणजे क्षेत्र होय. प्रबंधाला क्षेत्र पुरत नाही, त्याला प्रश्न लागतो. ‘अमुक एका पुनर्वसित गावातील कुटुंबांच्या जमीनधारणेत दोन पिढ्यांत कोणता बदल झाला?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर मिळू शकते, ते तपासता येते आणि चुकीचे असेल तर चुकीचे म्हणून दाखविताही येते. ज्या विधानाला कोणीच खोडून काढू शकणार नाही, ते विधान सिद्ध करण्यासाठी तीन वर्षे खर्चण्याचे कारण नाही.

उजनीचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. १९८० मध्ये हे धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. आपल्या तालुक्यातील केत्तूर, पोमलवाडी, कुगाव, चिखलठाण या परिसरातील वडीलधाऱ्या मंडळींनी आपली घरे, मळे आणि देवळे सोडली. लोहमार्गसुद्धा हलवावा लागला. डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरला गेला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ज्यांनी वयाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी गाव सोडले, ती माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. गावठाणात कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, नदीकाठच्या मळईच्या जमिनीत काय पिकत असे, मोबदल्याची रक्कम कशी आली व कशी संपली, पर्यायी जमीन मिळाली ती कोणत्या प्रतीची होती, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे. सरकारी दप्तरात क्षेत्रफळ सापडेल, रक्कम सापडेल, ताब्याची तारीख सापडेल. शेजार सापडणार नाही. आणखी दहा वर्षांनी हा प्रबंध कितीही विद्वान माणसाने लिहावयास घेतला, तरी त्याला हे साक्षीदार मिळणार नाहीत. म्हणून विषय निवडताना ‘यावर पुस्तके किती उपलब्ध आहेत?’ एवढेच विचारू नका. ‘हे आज नोंदले नाही तर कायमचे जाईल काय?’ हेही विचारा.

अशा कामाची वाट महाराष्ट्रात पूर्वी मळली गेली आहे. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी डॉ. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली व ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला तो त्यानंतर, १९७६ मध्ये. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. उजनीवर काम करणाऱ्याने ही पाहणी आणि हे कायदे शेजारी ठेवून वाचले, तर आपल्या गावातील कोणती गोष्ट सर्वत्र घडली आणि कोणती येथेच घडली, हे त्याला वेगळे करता येईल. पूर्वसूरींच्या कामाचा आढावा घेणारे प्रकरण याचसाठी असते. त्यात चाळीस पुस्तकांची नावे व प्रत्येकाचा चार ओळींचा गोषवारा दिला की काम भागले, अशी समजूत आहे, ती टाकून द्यावी.

आता साधनांकडे वळू. करमाळ्यात बसून साधने मिळत नाहीत, ही तक्रार मला फारशी पटत नाही. तलाठ्याकडील सातबारा आणि फेरफार नोंदी हा एका गावाचा आर्थिक इतिहास आहे. तो वाचावयास मात्र शिकावे लागते. फेरफाराच्या एका ओळीत वाटणी, गहाण, खरेदी, वारसा आणि कधीकधी भावाभावांतील कलह दडलेला असतो. १८८४ सालचे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर इंग्रजी अमदानीतील करमाळ्याचे चित्र देते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय आकडे मिळतात. अठराव्या शतकाकडे जावयाचे असेल तर पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. त्यांसाठी मोडी लिपी आली पाहिजे, आणि ती काही महिन्यांच्या सरावाने येते. एखाद्या कार्यालयात कागद दाखविला जात नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. पण माझा अनुभव असा की, आपण कोण, कशासाठी आलो आणि नेमका कोणता कागद हवा, हे नीट लिहून नेले तर बहुतेक ठिकाणी अर्ज करण्याची पाळीच येत नाही. ‘धरणाची सगळी माहिती द्या’ असे म्हणणाऱ्याला कोणताही कारकून उद्या या असेच म्हणेल.

साधन हाती आले म्हणजे ते खरे मानावे असे नव्हे. आपल्या कमलादेवीच्या मंदिराचेच पाहा. मंदिराला शहाण्णव खांब आहेत आणि जवळच्या विहिरीला शहाण्णव पायऱ्या आहेत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी हे मंदिर उभारले, असे सांगितले जाते. भाविकाने हे ऐकावे आणि दर्शन घेऊन परतावे. संशोधकाने मात्र खांब मोजावेत आणि पायऱ्याही मोजाव्यात. संख्या बरोबर निघाली तर ‘मी स्वतः मोजले’ असे लिहिण्याचा अधिकार त्याला मिळतो. एखादी पायरी गाळाखाली अथवा डागडुजीत गेली असेल, तर तेही लिहावे. आणि शहाण्णव या आकड्याचेच महत्त्व का, हा प्रश्न सुचला तर त्याला नवा प्रबंध सापडला असे समजावे.

मुलाखतींविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ग्रामीण भागातील प्रबंधांचा तो कणा असतो आणि तोच बहुधा कच्चा राहतो. छापील प्रश्नावली घेऊन दारात उभे राहिले की माणूस योजनेचा अर्ज भरत असल्याप्रमाणे उत्तरे देतो. उत्पन्न कमी सांगतो, अडचणी जास्त सांगतो. त्यात त्याचा दोष नाही. प्रथम आपली ओळख द्यावी. प्रबंध म्हणजे काय, त्यातून त्यांना काही लाभ मिळणार नाही, हे स्पष्ट सांगावे. नाव छापावे किंवा नाही, हे त्यांना विचारावे. मग बोलू द्यावे. म्हाताऱ्या आजींना ‘साल कोणते?’ असे विचारण्यापेक्षा ‘थोरला मुलगा तेव्हा चालत होता का?’ असे विचारले तर साल अधिक बिनचूक निघते. बहात्तरचा दुष्काळ ही तर आपल्याकडील स्मरणाची मोठी खूण आहे. पुष्कळ घटना त्याच्या आधी की नंतर, यावरून लावता येतात. घरी आल्यावर त्याच रात्री टिपण पूर्ण करावे. आणि एका घरात स्त्रियांशी स्वतंत्र बोलल्याशिवाय त्या घराची मुलाखत झाली, असे कधीही लिहू नये. मोबदला किती मिळाला हे पुरुष सांगतील. नव्या गावठाणात पाणी किती लांबून आणावे लागले, हे बायकाच सांगतील.

येथे एक सावधगिरी सांगतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. दोन्ही काठांमधील दळणवळण हा अभ्यासाचा अत्यंत महत्त्वाचा विषय आहे, आणि कोणीतरी तो घ्यावा असे मला वाटते. परंतु ज्या घरातील माणूस गेला, त्या घरी प्रश्नावली घेऊन जाण्याची घाई करू नये. त्याच प्रश्नाची उत्तरे रोज पलीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, दूधवाल्यांकडून आणि नावाड्यांकडूनही मिळतात.

लेखनाकडे येतो. सामग्री पुरी झाली की मग लिहीन, असे म्हणणारे विद्यार्थी लिहीतच नाहीत, कारण सामग्री कधीच पुरी होत नसते. पहिल्या सहा महिन्यांत एक प्रकरण कच्चे का होईना, लिहून मार्गदर्शकांच्या हाती द्यावे. लिहिताना काय माहीत नाही हे कळते. भाषा साधी असावी. मराठीत पारिभाषिक शब्द नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. तरीही कोशातील शब्द आणि गावातील शब्द यांत निवड करण्याची वेळ आली, तर शेतीच्या आणि पाण्याच्या बाबतीत गावातील शब्द घ्यावा व त्याचा अर्थ तळटीपेत द्यावा. ‘मळई’ या एका शब्दात जी माती आहे, ती ‘गाळयुक्त नदीतटीय भूमी’ या शब्दांत नाही.

आता एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही तयार प्रकल्प मिळतात, आणि ते विकत घेणारे आहेत. दुसऱ्याचा मजकूर उतरवून घेण्याविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. इंग्रजीतून मराठीत उतरविले की यंत्राला सापडत नाही, असा काहींचा समज दिसतो. यंत्राला न सापडो. मौखिक परीक्षेत परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो, कारण लिहिणाऱ्याला आपल्याच पानावरील आकडा कोठून आला हे सांगता येत नाही. मला अधिक खंत वाटते ती वेगळ्याच कारणाने. घरातून प्रथमच पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेल्या मुलाने, ज्याच्या आईवडिलांचे आयुष्य हीच संशोधनाची सामग्री आहे त्याने, दुसऱ्या जिल्ह्यातील कोणाचा तरी प्रकल्प स्वतःच्या नावाने बांधून घ्यावा, यात त्याचे फार मोठे नुकसान आहे.

प्रबंधाची वाट थोरामोठ्यांनाही सरळ गेलेली नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परक्या देशात, खालावलेल्या प्रकृतीत, त्यांनी आपल्याच देशातील ज्ञानाकडे वळून पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव तर प्रत्येक संशोधकाने वाचावा असा आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी प्रथम स्वीकारला नाही. निष्कर्षांना धक्का न लावता त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. त्या ग्रंथाची प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि लेखकाच्या मतांशी आपण सर्वत्र सहमत नाही हे त्यांनी तेथेच नमूद केले. मार्गदर्शकाचे मत वेगळे असूनही प्रबंध उभा राहू शकतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे; आणि मार्गदर्शकांनीही घ्यावे, असे अध्यक्षांच्या परवानगीने म्हणतो. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दाखल करण्याचा तेथील नियम होता, आणि तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला. काम पूर्ण होणे आणि ते सादर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

या दुसऱ्या गोष्टीकडे आपले विद्यार्थी दुर्लक्ष करतात. पीएच.डी.साठी २०२२ च्या विनियमांनुसार किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याहून दोन वर्षांची अधिक सवलत आहे. विद्यार्थिनींना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही तरतूद पुष्कळ मुलींना ठाऊक नसते आणि विवाहानंतर त्या नोंदणी सोडून देतात. म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही अट आता केंद्रीय विनियमांत राहिलेली नाही. तथापि आपल्या विद्यापीठाचा चालू नियम काय आहे, हे लेखी विचारून घ्यावे. ऐकीव माहितीवर अवलंबून राहू नये. पाठ्यक्रमाचे प्रमाणपत्र, प्रत्येक सत्रातील प्रगती अहवाल, संशोधन सल्लागार समितीपुढील सादरीकरण, शुल्काच्या पावत्या, साम्य-तपासणीचा अहवाल, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र हे सर्व पहिल्या दिवसापासून एका धारिकेत क्रमाने लावावे. शेवटच्या महिन्यात चार वर्षांपूर्वीची पावती शोधताना मी विद्यार्थ्यांना रडताना पाहिले आहे.

खर्चाचाही विचार आधी करावा. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते. जाहिरात निघाली की अर्जाची मुदत थोडी असते, त्यामुळे जातीचे व उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत. ज्याला अधिछात्रवृत्ती मिळणार नाही, त्याने करमाळ्यातच होणारा विषय घ्यावा. रोज सायकलवर जाऊन येता येईल अशा दोन गावांचा प्रामाणिक अभ्यास, पाच जिल्ह्यांच्या उडत्या पाहणीहून केव्हाही चांगला ठरतो.

पूर्वी प्रबंध टंकलिखित होत असे. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरील अक्षरे जेमतेम दिसत. आता संगणक आला आणि चुका सुबक दिसू लागल्या. अक्षरजुळणी दुसऱ्याकडून करून घेतली तरी मुद्रितशोधन स्वतः करावे. कोष्टकातील बेरजा हाताने तपासाव्यात. युनिकोडमध्येच टंकलेखन करावे, अन्यथा एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की त्याचे ठिपके व चौकोन होतात. मजकुराच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतील एक घराबाहेर. बाबासाहेबांची पुस्तके समुद्राने नेली. आपली फाईल न्यावयास विजेचा एक झटका पुरेसा आहे.

प्रबंध दाखल झाल्यावर किमान दोन बाहेरचे परीक्षक तो वाचतात, आणि ही सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करावी असे विनियम सांगतात. मौखिक परीक्षा खुली असते. तिला घाबरून जाऊ नये. सादर केलेला प्रबंध आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा परक्याने लिहिल्यासारखा वाचावा आणि त्यातील दुबळी जागा स्वतः हेरून ठेवावी. परीक्षक तेथेच बोट ठेवणार आहेत. उत्तर येत नसेल तर ‘याविषयीची माहिती मी गोळा केलेली नाही’ असे सांगावे. त्यापुढे काही सांगत बसू नये. ती परीक्षा खुली असल्याने, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनाही निमंत्रण देता येते, आणि द्यावे. धोतर-टोपीतील एक वृद्ध गृहस्थ मागच्या बाकावर बसले असले की विद्यार्थी मोजून बोलतो, हे मी पाहिले आहे.

पदवी जाहीर झाल्यावर प्रबंधाची संगणकीय प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जाते व ती कोणालाही वाचता येते. त्याखेरीज एक छापील प्रत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत, अथवा वाचनालय असेल तर तेथे, पोचती करावी. नकाशाचे पान मात्र वेगळे मोठे काढून द्यावे. जुन्या गावठाणाचा नकाशा पाहावयास लोक येतील आणि कोणाचे घर चुकीच्या जागी दाखविले आहे, हे सांगतील. त्यासाठी मागे चार कोरी पाने बांधून घ्यावीत.